टायरवरचा ५१ आणि दारावरचा ३३

टायरच्या बाजूला बारीक उठावदार अक्षरांत कमाल दाबाचा आकडा असतो, उदाहरणार्थ ५१ पीएसआय. तो वाचून पंपावरच्या पोराला ‘पन्नास मार’ म्हणणारे महाभाग अधूनमधून भेटतात. पण ५१ ही टायर कंपनीने घालून दिलेली वरची मर्यादा आहे. तोच टायर वेगवेगळ्या वजनाच्या गाड्यांना बसतो. कुठल्या गाडीला किती हवा लागेल, हे त्याच्यावर छापणार तरी कसं? ते गाडीची कंपनी ठरवते. चालकाचं दार उघडलं की खांबावर बहुधा एक स्टिकर दिसतो. लहान गाड्यांत त्यावर साधारण ३० ते ३५ मधले आकडे असतात, गाडी माणसा-सामानाने भरलेली असेल तर थोडे जास्त. हे आकडे थंड टायरचे. चार तास गाडी हाणून पंपावर थांबलं, तर दाब वाढलेलाच दिसणार. म्हणून तिथे हवा सोडायची नसते.

‘उन्हाळ्यात दोन-चार पॉइंट कमीच ठेवा, नाहीतर टायर फुटेल’ हा सल्ला तर घरोघरी मिळतो आणि तो नेमका उलटा आहे. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते, जास्त वाकते आणि तापते. वेग आणि ओझं वाढलं की ही उष्णता रबर आणि आतल्या तारांची पकड सोडवू लागते. अमेरिकेत ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोनने ६५ लाख टायर परत मागवले. त्यांतले बरेचसे फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांना होते. धावत्या गाडीच्या टायरचा वरचा थर सुटून येत होता, तोही प्रामुख्याने उष्ण राज्यांत. टायरमध्ये दोष होतेच. पण फोर्डने सुचवलेला २६ पीएसआयचा कमी दाबही वादात सापडला.

समृद्धी महामार्गावर हा हिशेब महत्त्वाचा ठरतो. ७०१ किलोमीटरचा रस्ता, बराचसा सिमेंटचा, कारला १२० ची मुभा. इथे कमी हवेचा किंवा झिजून गोटा झालेला टायर घेऊन जाणं म्हणजे विकतचं दुखणं. टायरच्या खाचांत छोटे उंचवटे असतात; नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली, की खोली १.६ मिलिमीटर उरली असं समजायचं. तिथे टायर संपला.

आता टायरवर लिहिलेलं माप, उदाहरणार्थ १८५/६५ आर १५ ८८ एच. यातले ६५ मिलिमीटर नव्हेत, टक्के आहेत: १८५ मिलिमीटर रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे बाजूची उंची सुमारे १२० मिलिमीटर. १५ हा रिमचा व्यास, इंचांत. ८८ म्हणजे ८८ किलो नव्हे; त्या सांकेतिक आकड्याचा अर्थ एका टायरला ५६० किलो. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरची क्षमता, पण हवा आणि वजन ठरल्याप्रमाणे असेल तरच.

टायरमध्ये हवेऐवजी भरतात त्या नायट्रोजनबद्दल थोडक्यात: साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच. शुद्ध नायट्रोजन जरा हळू गळतो, पण म्हणून दाब तपासणं सुटत नाही.

टायरच्या बाजूवर छापलेल्या डॉट (DOT) क्रमांकाच्या शेवटचे चार आकडे अनेकांना ‘एक्स्पायरी’ वाटतात. टायरवर एक्स्पायरी छापलेली नसते. २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. पडून राहिलेलं रबरही म्हातारं होतं, त्यामुळे डिकीतल्या न वापरलेल्या स्टेपनीचीही तारीख बघावी. पूर्ण क्रमांक बरेचदा टायरच्या एकाच बाजूला असतो. ती बाजू आत गेली असेल, तर गाडी रॅम्पवर चढवून खालून टॉर्च मारावा लागतो.