शंभर अधिक वय : एक खोटा हिशेब

कामगारांत वावरताना आम्ही एक हिशेब वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. ‘शंभरात आपले वय मिळवा, तेवढा रक्तदाब असायचाच.’ म्हणजे साठीच्या माणसाने १६० असला तरी निश्चिंत राहावे! एके काळी वैद्यकातही हा हिशेब रूढ होता. आज तो खोटा ठरला आहे.

हृदय आकुंचन पावते तेव्हा धमन्यांवर पडणारा दाब हा वरचा आकडा. ते सैल पडते तेव्हा उरतो तो खालचा. नवजात बालकाचा वरचा आकडा ७० च्या आसपास असतो, शाळकरी मुलाचा १०० च्या आसपास. प्रौढ वयात १२० व ८० च्या आत असणे उत्तम. वेगवेगळ्या दिवशी मोजूनही १४० किंवा ९० च्या वर भरला, तर तो विकार समजावा. गर्भवतीस एवढा आढळल्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

पन्नाशीनंतर धमन्या ताठर होतात. वरचा आकडा चढतो, खालचा पुष्कळदा उतरतो. हे सर्रास घडते. पण सर्रास घडणारे सारेच निरोगी नव्हे. ॲमेझॉनच्या अरण्यातील यानोमामी लोकांच्या आहारात मीठ जवळजवळ नसते. त्यांचा दाब वयाबरोबर चढत नाही. तेव्हा दोष केवळ वयाचा नाही. मीठ, तंबाखू, दारू, वाढलेले वजन यांचाही आहे.

अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचा दाब वर्षानुवर्षे चढत होता. १९४५ साली, वयाच्या ६३ व्या वर्षी, मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले. त्या काळी गुणकारी औषधे नव्हती. आज ती आहेत, आणि स्वस्तही आहेत. मात्र बरे वाटते म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नये. हा विकार बहुधा दुखत नाही, खुपत नाही.

तिशी उलटल्यावर वर्षातून एकदा तरी दाब मोजावा. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा-तंबाखू टाळावी, पाच मिनिटे स्वस्थ बसावे. दिवसाचे मीठ, लोणचे-पापडासकट, चहाच्या एका चमच्याच्या आत ठेवावे. म्हाताऱ्या माणसांचा दाब उभे करूनही पाहावा. औषधाने तो फार उतरला तर भोवळ येते.

दाबाचा काटा नसलेल्या बॉयलरपाशी कोणी शहाणा कामगार उभा राहत नाही. आपल्या देहाविषयीही तीच सावधगिरी बाळगू या. पगाराइतकीच ही मागणीही न्याय्य आहे : कारखान्यात, कचेरीत, वस्तीत प्रत्येकाचा रक्तदाब मोजला गेला पाहिजे.