काळ्या कातळातील जीवाश्मांचा पाठ

ओतूरसारख्या गावी जीवाश्मांचा पाठ सुरू झाला की एखादा विद्यार्थी मांडवी नदीच्या काठचा काळा दगड आणतो व त्यात मासा शोधू लागतो. मासा सापडत नाही. पाठाचा आरंभ याच निराशेपासून करावा.

जुन्नर तालुक्यातील डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून तप्त लाव्हारस वाहत आला व थिजला. त्यावर पुन्हा दुसरा थर आला. त्याच थरांच्या या पायऱ्या होत. अशा रसात प्राण्याचे शरीर टिकणार कसे? कधी दगडावर फांदीसारखी काळी नक्षी आढळते, पण ती वनस्पती नसून खनिजांची असते. मुलाने हौसेने आणलेल्या अशा दगडाला हसू नये. मात्र जीवाश्म म्हणून तो कपाटात ठेवूही नये.

दोन थरांच्या मध्ये पुष्कळ काळ जाई. सखल जागी पाणी साचे, गाळ बसे, जीव नांदत. मुंबईस वरळीच्या टेकडीत अशाच गाळाच्या खडकात बेडकांचे सांगाडे मिळाले. १८४७ साली रिचर्ड ओवेन या इंग्रज शास्त्रज्ञाने त्यांचे वर्णन केले. येथे शिक्षकांनी उत्तर सांगू नये; बेडूक कोठे राहतो, एवढेच विचारावे. विहिरीत, ओढ्यात, भातखाचरात, असे मुले सांगतील. खाऱ्या समुद्रात का नाही, असे पुढे विचारले की वरळीस त्या काळी गोड्या पाण्याचे तळे असावे, हे अनुमान त्यांच्याच तोंडून येते.

शेणात वैरणीच्या काड्या दिसतात, हे शेतकऱ्याच्या मुलास शिकवावे लागत नाही. चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुरा येथे दगड झालेली प्राचीन विष्ठा सापडते. ती बहुधा महाकाय शाकाहारी डायनोसॉरांची असावी. तीत गवताचे सूक्ष्म कण असल्याचे २००५ साली प्रसिद्ध झाले. डायनोसॉरांच्या काळी गवत नव्हते, अशी तोवर समजूत होती.

पाठानंतर मुलांचे गट करावेत. एका गटाने ओल्या मातीत गोगलगायीचा शंख, पान, कोंबडीचा पाय यांचे ठसे उठवावेत व दुसऱ्याने ते पाहून ती जागा कशी होती ते सांगावे. नदीतल्या शिंपल्याशेजारी चिंचेचा पाला असेल तर उत्तर अवघड होते. पाला वाऱ्याने आला की पुराने, हा वाद मुलांना मनसोक्त घालू द्यावा.