तापवूनही उरते ते

दिल्लीच्या नैर्ऋत्येस दिल्ली विकास प्राधिकरणाने वसविलेली द्वारका ही एक आखीव उपनगरी आहे. पूर्वी पप्पनकलाँ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या भागात सेक्टरांची मांडणी झाली, सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या इमारती उभ्या राहिल्या आणि २००५ च्या अखेरीस मेट्रोही येथवर पोहोचली. सरकारी खाती, सैन्यदल, बँका आणि खाजगी कंपन्या यांतील नोकरीच्या निमित्ताने आलेली मराठी कुटुंबेही येथे स्थिरावली. त्यांच्या स्वयंपाकघरात महाराष्ट्र आणि दिल्ली एकत्र नांदतात. फळीवर शेंगदाण्याच्या कुटाचा डबा असतो आणि शेजारीच मोहरीच्या तेलाची बाटली. सकाळी दूध आले की ते मात्र सोलापूरच्या किंवा साताऱ्याच्या घरातल्याप्रमाणेच तापविले जाते. दूध एकदा वर आले, साय धरली, की घरातील ज्येष्ठ बाई निश्चिंत होते. तापविलेले दूध म्हणजे निर्धोक दूध, ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत.

ही समजूत चुकीची नाही. ती अपुरी आहे. अन्नातील धोक्यांविषयी गेल्या साठ-सत्तर वर्षांत जे संशोधन झाले, त्याचे सार एका वाक्यात सांगायचे तर असे म्हणता येईल: विस्तवाने जंतू मरतात, विष मरत नाही. हा भेद लक्षात आला, म्हणजे स्वयंपाकघराची जबाबदारी कोठे संपते आणि शेत, गोठा व गोदाम यांची कोठे सुरू होते, हे स्पष्ट होते.

विस्तवाचा अधिकार

प्रथम विस्तवाच्या बाजूने बोलले पाहिजे. लुई पाश्चर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात दाखवून दिले, की मद्य नासविणारे सूक्ष्मजीव बेताच्या उष्णतेने नष्ट करता येतात. त्याच तत्त्वावर आज दुग्धशाळांत दूध ७२ अंश सेल्सिअसला १५ सेकंद तापवून लगेच थंड केले जाते. कच्च्या दुधातून पसरू शकणारे क्षयाचे, ब्रुसेलोसिसचे आणि साल्मोनेलासारखे जंतू एवढ्या उष्णतेत टिकत नाहीत. घरात दूध उकळताना आपण याहून अधिक उष्णता देतो. भाज्या शिजविणे, पाणी उकळणे, मांस आतपर्यंत शिजू देणे यांमागेही हेच शास्त्र आहे.

हे संरक्षण किती मोलाचे आहे, याची कल्पना जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजावरून येते. दूषित अन्नामुळे जगात दरवर्षी सुमारे ६० कोटी लोक आजारी पडतात आणि ४ लाख २० हजार मृत्युमुखी पडतात, असे त्यात म्हटले आहे. मृतांपैकी सुमारे १ लाख २५ हजार पाच वर्षांखालील बालके असतात.

परंतु काही विषे अशी आहेत, की ज्यांच्यापुढे विस्तवाचे काही चालत नाही. दिल्लीने त्यांचा अनुभव दोन वेळा घेतला. एकदा तेलात आणि एकदा दुधात.

तेलाचा धडा

१९९८ च्या ऑगस्ट महिन्यात दिल्लीतील रुग्णालयांत एकाच प्रकारचे रुग्ण येऊ लागले. पायांना सूज, धाप, उलट्या-जुलाब आणि काहींचे हृदय निकामी होण्याच्या मार्गावर. ही ‘एपिडेमिक ड्रॉप्सी’ म्हणजे साथीची सूज होती. सुमारे ३,००० लोकांना तिची बाधा झाली आणि ६० हून अधिक जणांचा मृत्यू झाला. या आजाराची नोंद कोलकात्यात १८७७ मध्येच झालेली होती. मात्र तो जंतूंमुळे होत नाही, एका घरातून दुसऱ्या घरात तो पसरतो तो तेलातून, हे कळावयास पुढे अनेक दशके जावी लागली.

कारण होते पिवळा धोतरा. महाराष्ट्रातही पडीक जमिनीवर, रस्त्याच्या कडेला काटेरी पानांची आणि पिवळ्या फुलांची ही वनस्पती सर्रास दिसते. तिचे बी बारीक, काळे आणि मोहरीशी मिळतेजुळते असते. ते मोहरीत मिसळले गेले किंवा त्याचे तेल मोहरीच्या तेलात घातले गेले, की सँग्विनरिन हे विषारी द्रव्य तेलात उतरते. रंग, वास आणि चव यांवरून सामान्य गृहिणीला काही कळत नाही आणि रोजच्या फोडणीच्या उष्णतेने विषाची बाधा टळत नाही. ज्या घरांत ते तेल गेले, तेथे स्वच्छता पाळणारे आणि न पाळणारे सारखेच आजारी पडले.

या दुर्घटनेनंतर केंद्र सरकारने त्याच वर्षी खाद्यतेलांच्या वेष्टनासंबंधीचा आदेश काढला आणि सुट्या तेलाच्या विक्रीवर निर्बंध आणले. पिशवीवर उत्पादकाचे नाव आणि तारीख असली, की तेलाचा माग काढता येतो. नोटेवरील क्रमांकाला बँकेत जे महत्त्व, तेच अन्नपदार्थाच्या वेष्टनावरील गट क्रमांकाला असते.

दुधात आले कोठून?

दुसरा अनुभव अधिक सूक्ष्म आहे. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातील शहरांतून दुधाचे ६,४३२ नमुने गोळा केले. २०१९ मध्ये निष्कर्ष जाहीर झाले तेव्हा दोन गोष्टी पुढे आल्या. पहिली दिलासा देणारी होती. युरिया, साबण यांची भेसळ सर्वत्र बोकाळली आहे, असा जो समज होता, तो खरा ठरला नाही. आरोग्यास घातक भेसळ केवळ १२ नमुन्यांत सापडली. दुसरी गोष्ट अनपेक्षित होती. ३६८ नमुन्यांत, म्हणजे ५.७ टक्के नमुन्यांत, अफ्लाटॉक्सिन एम-१ हे द्रव्य मर्यादेपेक्षा अधिक आढळले. तमिळनाडू, दिल्ली आणि केरळ येथे हे प्रमाण सर्वाधिक होते. दिल्लीतील २६२ नमुन्यांपैकी ३८ नमुने, म्हणजे साधारणपणे सातांत एक, या कसोटीवर उतरले नाहीत. कच्च्या दुधापेक्षा प्रक्रिया केलेल्या दुधात हा दोष अधिक दिसला, हे विशेष.

अफ्लाटॉक्सिनची ओळख जगाला १९६० मध्ये झाली. त्या वर्षी इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अज्ञात रोगाने मेले. शोध घेता घेता शास्त्रज्ञ पक्ष्यांच्या खाद्यातील भुईमुगाच्या पेंडीपर्यंत पोहोचले. ती पेंड ब्राझीलहून आलेली होती आणि तिच्यावर ॲस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी वाढली होती. बुरशीच्या नावावरूनच विषाला अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले.

भुईमूग हे महाराष्ट्राचेही पीक. साहजिकच भारतीय शास्त्रज्ञांनी या विषाकडे लगेच लक्ष दिले. हैदराबादच्या ज्या संशोधनसंस्थेला पुढे राष्ट्रीय पोषण संस्था हे नाव मिळाले, तेथील माधवन, तुळपुळे आणि गोपालन यांनी १९६५ मध्येच दाखवून दिले, की अफ्लाटॉक्सिनमुळे माकडांच्या यकृताला गंभीर इजा होते. माणसाच्या बाबतीतील पुरावा १९७४ मध्ये मिळाला आणि तो फार दुःखद होता. राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातमधील पंचमहाल या आदिवासीबहुल जिल्ह्यांत अवेळी पावसाने मका भिजला. घरात साठविलेल्या त्या मक्यावर बुरशी आली. दुसरे धान्य नसल्याने लोकांनी तोच खाल्ला. कावीळ होऊन आणि पोटात पाणी साठून शंभराहून अधिक माणसे दगावली. त्या घरांतील उष्टे खाणारी कुत्रीही वाचली नाहीत. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी हा प्रकार १९७५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातून जगापुढे मांडला.

दुधात हे विष येते ते गाई-म्हशींच्या खाद्यातून. बुरशी आलेली पेंड, मका किंवा सरकी जनावराने खाल्ली, की त्याचे यकृत अफ्लाटॉक्सिन बी-१ चे रूपांतर एम-१ मध्ये करते आणि त्याचा काही अंश एका दिवसाच्या आत दुधात उतरतो. खाद्य बदलल्यास काही दिवसांत दूध पुन्हा शुद्ध होते. म्हणजे उपाय आहे. पण तो गोठ्यात आहे, चुलीवर नाही. अफ्लाटॉक्सिनचे विघटन होण्यास सुमारे २५० अंशांच्या आसपास उष्णता लागते आणि दूध तर १०० अंशांच्या जवळपासच उकळते.

भारतात दुधासाठी या द्रव्याची मर्यादा किलोमागे अर्धा मायक्रोग्रॅम आहे. हे प्रमाण किती अल्प आहे? एखाद्या शाखेत २०० कोटी रुपयांच्या ठेवी असाव्यात आणि त्यांतील केवळ एक रुपया खोटा असावा, तेवढे. तो एक रुपया शोधून काढण्याचे काम प्रयोगशाळेतील उपकरणेच करू शकतात. युरोपीय संघाने तर ही मर्यादा याच्या एक-दशांश ठेवली आहे.

यामुळे दूध सोडून द्यावे, असे मात्र मुळीच नाही. एम-१ हे मूळ बी-१ पेक्षा सौम्य आहे आणि त्याचा प्रश्न एका पेल्याचा नसून वर्षानुवर्षांच्या सेवनाचा आहे. लहान मुले त्यांच्या वजनाच्या मानाने अधिक दूध पितात, म्हणून काळजी घ्यावयाची. ज्यांना हेपटायटिस-बी या काविळीचा दीर्घकालीन संसर्ग आहे, त्यांच्या यकृताला अफ्लाटॉक्सिनचा धोका सुमारे ३० पट अधिक असतो. त्यामुळे बाळाला वेळेवर दिलेली हेपटायटिस-बीची लस हेही अप्रत्यक्षपणे अन्नसुरक्षेचेच पाऊल ठरते.

जंतू गेले, विष राहिले

हाच भेद आपल्या ताटातही दिसतो. सकाळचा भात दुपारभर ओट्यावर राहिला आणि रात्री फोडणी देऊन वाढला, तर तो गरम असूनही बाधू शकतो. बॅसिलस सेरियस या जंतूची बीजे शिजविण्याच्या उष्णतेतूनही तग धरतात. भात कोमट राहिला, की ती रुजतात आणि त्यांनी सोडलेले उलट्या घडविणारे विष पुन्हा तापविल्यानेही नाहीसे होत नाही. मिठाई, खवा आणि पनीर यांत हाताळणीतून शिरणाऱ्या स्टॅफिलोकॉकसचेही तसेच. जंतू विस्तवाने मरतात. त्यांनी मागे ठेवलेले विष उरते.

येथे काळ हाच खरा शत्रू. ५ ते ६० अंश हा जंतूंच्या वाढीचा पट्टा मानला जातो आणि दिल्लीच्या उन्हाळ्यात संपूर्ण स्वयंपाकघरच त्या पट्ट्यात असते. अनुकूल स्थितीत जंतूंची संख्या दर २० मिनिटांना दुप्पट होऊ शकते. चक्रवाढीची ताकद बँकेच्या ग्राहकांना वेगळी सांगावयास नको. या दराने एका जंतूचे सात तासांत सुमारे २१ लाख होतात. ठेवीच्या बाबतीत हवीहवीशी वाटणारी वाढ भाताच्या पातेल्यात मात्र नको असते.

जबाबदारीची साखळी

म्हणून अन्नाची सुरक्षितता ही अनेक हातांची साखळी आहे. शेतकऱ्याने पीक काढल्यावर ते नीट वाळविणे, ही तिची पहिली कडी. मका १३-१४ टक्क्यांपेक्षा आणि शेंगदाणा ७-८ टक्क्यांपेक्षा अधिक ओलसर असताना साठविला, तर बुरशीला आमंत्रणच मिळते. पशुखाद्यातील अफ्लाटॉक्सिन बी-१ साठी भारतीय मानक ब्यूरोने किलोमागे २० मायक्रोग्रॅमची मर्यादा घालून दिली आहे. गोदामातील मालाच्या पावतीवर कर्ज देताना किंवा दुग्धव्यवसायाचा प्रस्ताव तपासताना धान्याचा ओलावा आणि खाद्य साठविण्याची कोरडी जागा यांची चौकशी झाली, तर कर्जाचे तारण आणि ग्राहकाचे आरोग्य दोन्ही सुरक्षित राहतील. कोरडे गोदाम ही अन्नसुरक्षेतील गुंतवणूकच आहे.

साखळीची दुसरी कडी म्हणजे शासनाची. १९५४ च्या भेसळ प्रतिबंधक कायद्याची जागा २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याने घेतली आणि ५ ऑगस्ट २०११ पासून त्याचे नियम लागू झाले. जुन्या कायद्याचा भर भेसळ पकडण्यावर होता. नव्या कायद्याचा भर धोका निर्माण होण्यापूर्वी तो रोखण्यावर आहे.

शेवटची कडी घराची, आणि तिच्या हाती पुष्कळ काही आहे. वेष्टनावरील चौदा अंकी परवाना क्रमांक आणि तारीख पाहावी. सुटे तेल घेऊ नये. शेंगदाणे भाजण्यापूर्वी निवडून सुरकुतलेले, काळपट आणि बुरशी आलेले दाणे फेकून द्यावेत; विषाचा मोठा वाटा अशा मोजक्या दाण्यांतच असतो, हे संशोधनाने सिद्ध झाले आहे. कूट थोडाच करावा आणि कोरड्या डब्यात ठेवावा. बुरशी आलेले धान्य जनावरांनाही घालू नये. ते दुधावाटे परत येते. उरलेले अन्न दोन तासांच्या आत शीतकपाटात जावे. आणि दूध पूर्वीप्रमाणेच तापवावे.

द्वारकेतील आजी सुपात शेंगदाणे घेऊन निवडावयास बसतात, तेव्हा नातवंडांना ते जुन्या वळणाचे काम वाटते. वास्तविक त्या सुपात प्रयोगशाळेचेच काम चालू असते. विस्तवाला जे जमत नाही, ते तेथे डोळे आणि बोटे करीत असतात. मात्र एकट्या आजींच्या सुपावर विसंबून चालणार नाही. दूध तापविणे घराच्या हाती आहे. ते तापविण्याजोगे दूध घरापर्यंत पोहोचविणे, ही आपणा सर्वांची जबाबदारी आहे.