निळ्या फरशांचे दालन आणि १९३० चा ठराव

पणजीच्या आझाद मैदानालगत पोलीस मुख्यालयाची लांबलचक इमारत आहे. तिच्या पश्चिमेकडच्या दारातून आत गेले की भिंती निळ्या चित्रांच्या फरशांनी भरलेल्या दिसतात. कामॉइंशच्या 'ओस लुझिआदस' या महाकाव्यातले प्रसंग जॉर्ज कोलासो या चित्रकाराने १९३५ साली त्यांवर रंगवले. पोर्तुगीज दर्यावर्द्यांचा तो पोवाडाच. आणि इथे असलेल्या संस्थेचे नाव? इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझा. वास्को द गामाचे नाव उतरवून १९६३ साली हे नाव दिले गेले. साम्राज्याचा एवढा थाट भिंतींवर ठेवून दारावर त्याच्या सर्वांत बोचऱ्या टीकाकाराचे नाव लावले, ही गंमत मला फार आवडते.

लुईस द मिनेझिस ब्रागांझा (१८७८–१९३८) चांदरचे. घराणे भाटकारांचे, शिक्षण पोर्तुगीजमधून, पेशा पत्रकाराचा. १९०० साली मेसियस गोमिश यांच्याबरोबर त्यांनी 'ओ हेराल्दो' हे गोव्यातले पहिले पोर्तुगीज दैनिक सुरू केले. लिस्बनमध्ये १९२६ च्या लष्करी उठावाने प्रजासत्ताक मोडले, आणि चार वर्षांनी सालाझारने 'आक्तो कोलोनियाल' हा वसाहत कायदा पुढे आणला. दर्यापारचे मुलूख बाळगणे, तिथे वसाहती करणे आणि तिथल्या रहिवाशांना सुसंस्कृत करणे हा पोर्तुगीज राष्ट्राच्या पिंडाचाच भाग आहे, असे त्याच्या दुसऱ्या कलमात म्हटले होते. म्हणजे पाखले वर आणि बाकीचे खाली, ही उतरंड आता नुसती वागण्यात राहणार नव्हती, कायद्यात बसणार होती. हिटलर सत्तेवर यायला अजून अडीच वर्षे होती.

कायदा ८ जुलै १९३० रोजी निघाला. त्याआधी चारच दिवस, ४ जुलैला, पणजीत सरकारी कौन्सिलात ब्रागांझा उभे राहिले. त्यांच्या ठरावाचा आशय असा: आपले व्यक्तित्व पूर्णत्वाला नेण्याचा आणि स्वतःचे भवितव्य स्वतः ठरवण्याचा जो हक्क सर्व लोकसमूहांना आहे, तो पोर्तुगीज हिंदुस्थान सोडत नाही, तो त्याच्या पिंडातला जन्मसिद्ध हक्क आहे. पिंडाची भाषा लिस्बनची होती. ब्रागांझांनी ती उचलली आणि लिस्बनवरच उलटवली.

या ठरावात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो 'सर्व' हा शब्द. आफ्रिकेतल्या वसाहतींत 'इंडिजेना' ठरलेल्या माणसाला नागरिकत्व नव्हते; गोवेकराला ते होते. आम्ही शिकलेले, आम्ही नागरिक, आम्हाला त्या पंगतीत बसवू नका, एवढेच रडगाणे गाऊन मोकळे होणे गोव्याच्या उच्चभ्रूंना सोपे होते. ब्रागांझांच्या ठरावात ते रडगाणे नाही. शिडीवर एक पायरी वर चढवा अशी विनवणी करण्याऐवजी त्यांनी शिडीच नाकारली.

ती शिडी गोव्याने आधीही पाहिली होती. १८३५ साली नेवऱ्याचे बेर्नार्दो पेरिश द सिल्वा गोव्याचे प्रीफेक्ट झाले. या भूमीतला माणूस राज्य करतो हे गोऱ्या आणि मेस्तिस लष्करी मंडळींना सोसले नाही. १७ दिवसांत ते पदच्युत झाले आणि त्यांना मुंबईला जावे लागले. मे महिन्यात पणजीजवळ गास्पार दियश किल्ल्यात त्यांच्या बाजूच्या सैनिकांची कत्तल झाली. पेडण्याच्या टोकावरच्या तेरेखोल किल्ल्यातली शिबंदीही सुटली नाही. आज गास्पार दियशच्या जागी टेनिस क्लब आहे. तेरेखोलला लोक सूर्यास्त बघायला जातात.

डिचोली १७८१ च्या सुमारास आणि पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगिजांकडे गेले. या नव्या काबिजादींत देवळे टिकली, घराघरांत मराठी वाचन टिकले. पोर्तुगीज मात्र कचेरीपुरतीच राहिली. म्हणूनच की काय, तेरेखोलवर १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी तिरंगा फडकवला ती गोष्ट इकडे सांगितली जाते, पण पणजीच्या सभागृहातला हा ठराव फारसा कोणाच्या तोंडी नाही. बंदुकीपुढे चालत जाणारा डोळ्यांपुढे उभा राहतो. दुसऱ्या भाषेत ठराव मांडणारा राहत नाही. दोष आपल्या वाचनाचा आहे.

ठरावाने कायदा अडला नाही. १९३३ च्या राज्यघटनेने त्याला मान्यता दिली. ब्रागांझा ज्यात लिहीत ते 'प्रकाश' साप्ताहिक १९३७ साली बंद पडले आणि पुढच्याच वर्षी, १० जुलैला, ते गेले. १९५१ साली लिस्बनने वसाहतींना 'दर्यापारचे प्रांत' म्हणायला सुरुवात केली. पाटी बदलली, राज्य तेच राहिले. ते १९ डिसेंबर १९६१ रोजी संपले.

पेडणे आणि डिचोलीच्या वाचनालयांना एक विनंती आहे. ४ जुलैचा तो ठराव जेमतेम काही ओळींचा आहे. चांगल्या मराठीत उतरवून तो दर्शनी भिंतीवर लावा.