शब्दांवाचून गाणे : वाद्यधुनींचे निवडक संग्रह

संग्रह कशाचा

लोकांच्या ओठी रुळलेली गाणी गायकाविना, केवळ वाद्यावर वाजवून एकत्र ध्वनिमुद्रित केली की वाद्यधुनींचा संग्रह तयार होतो. मराठीतला त्याचा सर्वांत परिचित नमुना म्हणजे प्रभाकर जोग यांचे ‘गाणारे व्हायोलिन’. शास्त्रीय वादनाच्या ध्वनिमुद्रणाहून हा प्रकार वेगळा आहे. शास्त्रीय वादनात विषय असतो राग आणि तो त्या बैठकीत नव्याने उलगडतो. येथे विषय असतो आधीच गायिले गेलेले एक ठरावीक गाणे. लोकप्रियतेची चाळणी श्रोत्यांनी आधीच लावलेली असल्यामुळे निवडीचे निम्मे काम वादकाकडे येण्यापूर्वीच झालेले असते.

साथीदार पुढे येतो

असे संग्रह बहुधा साथसंगत करणाऱ्या वादकांनी केले, आणि त्यामागे कारण आहे. जोग (१९३२–२०२१) यांनी नारायणराव मारुलकर व गजाननराव जोशी यांच्याकडे शिक्षण घेतले. वयाच्या बाराव्या वर्षापासून पुण्यातील वाड्यांमध्ये सव्वा रुपया आणि नारळ एवढ्या बिदागीवर त्यांनी कार्यक्रम केले. पुढे ते सुधीर फडके यांचे साहाय्यक झाले. १९५५ साली रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायणा’ची सुरुवात झाली. त्यातल्या छप्पन्न गीतांच्या साथीत जोगांचे व्हायोलिन होते. वर्षानुवर्षे गायकाच्या मागे बसणाऱ्या वादकाला गाण्यातली प्रत्येक हरकत, प्रत्येक श्वासाची जागा आणि दोन ओळींमधले संगीत पाठ असते. एकल वादक गाणे बाहेरून ऐकतो, साथीदार ते आतून जाणतो. त्यामुळे गायक बाजूला झाला तरी साथीदाराच्या हातून गाणे सुटत नाही.

हार्मोनियमची बंदी

व्हायोलिनला भावगीताच्या जवळ आणणारे एक कारण सरकारी होते. हार्मोनियमचे स्वर पट्ट्यांत बांधलेले असतात, त्यातून मींड निघत नाही आणि श्रुतींचे सूक्ष्म भेद दाखवता येत नाहीत, या आक्षेपावरून आकाशवाणीने १९४० साली त्या वाद्यावर बंदी घातली. ती १९७१ पासून अंशतः शिथिल झाली. मधली तीस वर्षे म्हणजे मराठी भावगीताच्या भरभराटीचाच काळ. या काळात रेडिओवर गाणाऱ्याच्या गळ्यामागून जाण्याचे काम सारंगी आणि व्हायोलिन यांसारख्या वाद्यांकडे आले. हार्मोनियमवर हा अन्यायच होता, परंतु त्या काळातल्या श्रोत्यांच्या कानांना भावगीत आणि व्हायोलिन यांची एकत्र सवय झाली.

गज आणि अक्षर

व्हायोलिनच्या पट्टीवर पडदे नसतात. बोट तारेवर कोठेही थांबू शकते आणि घसरतही जाऊ शकते, म्हणून गळ्यातली मींड तशीच उतरवता येते. मात्र ‘गाणारे’ हे विशेषण केवळ डाव्या हाताच्या बोटांनी मिळत नाही. शब्दाचा भास निर्माण करतो उजव्या हातातला गज.

गाण्यात एकाच स्वरावर लागोपाठ चार अक्षरे आली तर गायक ती व्यंजनांनी वेगळी करतो. व्हायोलिनला व्यंजने नाहीत. वादक मग प्रत्येक अक्षरासाठी गजाची दिशा पालटतो किंवा गज क्षणभर तारेवर रोखून पुन्हा सोडतो. अक्षर कठोर असेल तर गजाचा आरंभ किंचित दाबून होतो. अक्षर मृदू असेल तर तो नकळत सुरू होतो. एकाच स्वरवर्णावर मुरकी किंवा लहान तान असेल तर ती सगळी एकाच गजात घ्यावी लागते. मध्ये गज पालटला की ऐकणाऱ्याला तेथे नवे अक्षर सुरू झाल्यासारखे वाटते आणि शब्द तुटतो.

येथे मराठी छंदशास्त्राचा थेट संबंध येतो. लघु अक्षराला आखूड गज, गुरू अक्षराला लांब गज, असा हिशेब चालीतच दडलेला असतो. शब्द गाळले तरी त्यांचा लघु-गुरू क्रम स्वरांच्या लांबीत शिल्लक राहतो. त्या आराखड्यावरून ऐकणाऱ्याच्या मनात मूळ ओळ आपोआप उभी राहते. शब्द वादक देत नाही, ते श्रोत्याच्या स्मरणातून येतात. वादक त्या स्मरणाला अचूक जागी स्पर्श करतो. वाद्यधुनीचा सारा परिणाम या देवाणघेवाणीवर उभा आहे.

श्वासाचेही तसेच. गायक ओळीच्या यतीवर श्वास घेतो. गजाला श्वासाची गरज नाही, त्यामुळे अननुभवी वादक ओळीमागून ओळ सलग ओढत नेतो आणि गाणे गुदमरते. जाणता वादक गरज नसतानाही तेथे पोकळी सोडतो. कोणत्याही चांगल्या धूनमध्ये ही मुद्दाम सोडलेली जागा कान देऊन ऐकण्यासारखी असते.

बांधणी

मुखडा, दोन अंतरे आणि मधले संगीत ही चौकट सहसा मूळ गाण्याचीच राहते. एकच वाद्य तेच ते म्हणत राहिल्यास कंटाळा येईल, म्हणून दुसऱ्या अंतऱ्यात धून वरच्या सप्तकात नेतात किंवा मधली ओळ बासरी, सतार अशा दुसऱ्या वाद्याला देतात. ठेका मूळचाच ठेवतात, कारण तो बदलला की स्मरणाचा धागा सुटतो.

तबकडीचे माप

संग्रहाचा आकार कलेइतकाच यंत्राने ठरवला. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या लाखेच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. ३३⅓ फेऱ्यांच्या बारा इंची तबकडीने एका बाजूला वीस मिनिटांहून अधिक वेळ दिला आणि दहा-बारा धुनींचा संग्रह प्रथमच शक्य झाला. धुनींचा क्रम लावणे ही त्यानंतरची कला. कॅसेटने हा माल स्वस्त केला.

एच.एम.व्ही.च्या तबकड्यांवर अशा धुनी वाजवणारे इतरही होते : पुण्याचे अकॉर्डियनवादक इनॉक डॅनियल्स आणि लखनौहून मुंबईला आलेले विद्युत्‌ गिटारवादक व व्हायोलिनवादक व्हॅन शिपले. अकॉर्डियनचे स्वर हार्मोनियमसारखेच पट्ट्यांत बांधलेले असतात, म्हणून त्यावर मींडप्रधान भावगीतापेक्षा ठेक्यावर चालणारे चित्रपटगीत अधिक खुलते. कोणते वाद्य कोणते गाणे निवडते याचा उलगडा अनेकदा वाद्याच्या रचनेतच असतो.

घाटाखालचा रेडिओ

तबकडी न पोहोचलेल्या गावांत या धुनी कशा पोहोचल्या हे पाहण्यासाठी एक गाव घेऊ. मोताळा तालुक्यातील रोहिणखेड हे बुलढाणा जिल्ह्याच्या घाटाखालच्या भागातले गाव. विदर्भात असूनही खानदेशाला लागून. तबकडी आणि ग्रामोफोन ही शहरातल्या सुस्थित घरांची चीज होती. अशा गावांसाठी संगीताचा मोठा स्रोत होता रेडिओ. १९४८ साली नागपूर केंद्र सुरू झाले, १९५७ पासून विविध भारती आली आणि १९७६ साली जळगाव केंद्र. जळगाव नागपूरपेक्षा पुष्कळच जवळचे. दोन कार्यक्रमांच्या मधली रिकामी मिनिटे भरण्यासाठी केंद्रे वाद्यसंगीत लावत आणि निवेदकाच्या आवाजाखालीही अशाच धुनी चालत. वादकाचे नाव त्या वेळी सांगितले जाईच असे नाही.

मध्यमलहरींवर वाद्यधून टिकून राहण्याला भौतिकशास्त्राचे कारण आहे. या प्रक्षेपणात साधारण साडेचार किलोहर्ट्झपर्यंतचाच ध्वनी पोहोचतो. ‘स’सारख्या ऊष्म व्यंजनांची बरीचशी ऊर्जा त्याच्या वर असते. त्यात खरखर मिसळली की शब्द अस्पष्ट होतात. व्हायोलिनची सर्वांत खालची मोकळी तार पाश्चात्त्य जुळणीत १९६ हर्ट्झवर असते, आणि भावगीताची चाल तिच्यापासून फार तर तीन सप्तकांच्या आत फिरते. वाद्याच्या नादाची चकाकी वाटेत कमी होते, चाल मात्र पूर्ण पोहोचते. दूरच्या केंद्रावरून गाणे अर्धवट कळते, धून पुरती कळते.

वरातीतला संग्रह

वऱ्हाडातल्या लग्नसराईत बँडपथकाकडे असाच एक संग्रह असतो, फक्त तो कोठे छापलेला नसतो. वरातीची गाणी निराळी, मंगलाष्टकांनंतरची निराळी, पाठवणीची निराळी. क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट ही वाद्ये लष्करी बँडांच्या वाटेने नागरी जीवनात आली. ट्रम्पेटला चाव्या तीनच, उरलेले स्वर ओठांच्या ताणाने आणि फुंकीने काढायचे. ही वाद्ये बहुधा बी-फ्लॅटमध्ये, म्हणजे पेटीच्या भाषेत काळी पाचमध्ये, बांधलेली असतात. त्यामुळे मूळ गाणे कोणत्याही पट्टीत असो, बँड ते आपल्या सोयीच्या पट्टीत आणून घेतो. अनेक पथकांत नोटेशन नसते. नवे गाणे मोबाइलवर चार वेळा ऐकून बसवले जाते आणि पुढच्या मोसमात मागणी उरली नाही की आपोआप गळून पडते. वरातीसमोर चालत वाजवणाऱ्या क्लॅरिनेटवाल्याला मात्र श्वास घ्यावाच लागतो, म्हणून गायकाची यती त्याच्याकडे न शिकवता येते. तबकडीवरच्या संग्रहाइतकाच मान या पथकांच्या स्मरणातल्या संग्रहालाही मिळायला हवा. तो तसा मिळत नाही.

मेम्फिसमधला दाखला

साथीदारांनीच पुढे येऊन नाव मिळवल्याचा जगातला ठळक दाखला अमेरिकेत सापडतो. मेम्फिस शहरात एका जुन्या चित्रपटगृहात स्टॅक्स कंपनीचा स्टुडिओ होता. तेथे ओटिस रेडिंगसारख्या सोल गायकांना साथ करणारे चौघे ‘बुकर टी. अँड द एम.जी.ज’ या नावाने स्वतःच्या तबकड्याही काढत : ऑर्गनवर बुकर टी. जोन्स, गिटारवर स्टीव्ह क्रॉपर, ड्रमवर अल जॅक्सन, बास गिटारवर आधी लुई स्टाइनबर्ग आणि नंतर डोनाल्ड डन. डन आल्यावर दोघे कृष्णवर्णीय आणि दोघे गोरे, अशी रचना झाली. वर्णभेदाने विभागलेल्या त्या शहरात हे सोपे नव्हते. १९६२ साली, दुसऱ्याच गायकाच्या कामासाठी जमलेले असताना मिळालेल्या मोकळ्या वेळात त्यांनी ‘ग्रीन ओनियन्स’ वाजवले. जोन्स तेव्हा सतरा वर्षांचे होते. ही धून अमेरिकेच्या लोकप्रिय गीतांच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेली. त्यांची १९६८ सालची ‘सोल लिंबो’ बी.बी.सी.ने क्रिकेट प्रक्षेपणाची ओळखधून म्हणून वापरली.

जोगांच्या संग्रहाशी तुलना केली की एक मूलभूत फरक दिसतो. या चौघांच्या गाजलेल्या धुनींना मुळात शब्दच नव्हते. श्रोत्याने आठवावे असे काही नसल्याने आठवणीचे काम एका छोट्या, पुन्हा पुन्हा येणाऱ्या स्वरवाक्यावर सोपवलेले असते. ‘ग्रीन ओनियन्स’मध्ये बारा मात्राखंडांचे एकच ब्लूज-आवर्तन फिरत राहते आणि त्यावर ऑर्गन व गिटार आळीपाळीने बोलतात. आपल्याकडे चाल अंतऱ्यातून पुढे सरकते, तेथे ती जागच्या जागी खोल जाते.

हक्क कोणाचा

या चौघांच्या ‘सर्वोत्तम’ संग्रहांमागे कराराची अडचणही होती. १९६८ साली स्टॅक्स आणि वितरक अटलांटिक यांची फारकत झाली, तेव्हा आधीची ध्वनिमुद्रणे अटलांटिककडेच राहिली. ‘ग्रीन ओनियन्स’ एकाकडे आणि ‘सोल लिंबो’ दुसऱ्याकडे, अशी वाटणी झाली.

भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने गीताचे शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळे मानले आहेत. वाद्यधून करणारा चाल घेतो, शब्द आणि मूळ मुद्रण घेत नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर दुसऱ्याच्या गाण्याची नवी आवृत्ती वैधानिक परवान्याने करायची झाल्यास मूळ मुद्रणाचे वर्ष संपल्यावर पाच वर्षे थांबावे लागते आणि किमान ५०,००० प्रतींचे स्वामित्वधन भरावे लागते. शब्द उच्चारले जात नाहीत म्हणून गीतकार या हिशेबात मागे पडतो. वस्तुतः धून ऐकताना श्रोता मनात त्याचेच शब्द म्हणत असतो. कायद्याच्या मोजमापात हे मावत नाही.

मर्यादा

प्रत्येक गाणे धून म्हणून उभे राहत नाही. पोवाडा आणि भारूड यांत शब्दांची गर्दी असते, स्वर थोडे आणि तेच ते असतात. शब्द काढले की नुसता ठेका उरतो. उलट ज्या भावगीताची चाल अक्षरागणिक वळते ते सर्वांत चांगले उतरते. काळाचीही मर्यादा आहे. मूळ गाणे ठाऊक नसलेल्या श्रोत्याला धून सुरेल वाटते, पण तिच्यातली निम्मी वाक्ये त्याला ऐकूच येत नाहीत. आणि ज्याने लहानपणी रेडिओवर आधी व्हायोलिन ऐकले, मूळ गाणे पुष्कळ नंतर, त्याच्या बाबतीत क्रम उलटा होतो : गायकाने घेतलेली मूळची हरकत त्याला चालीतला बदल वाटते.