दूरदर्शनचे घरचे दफ्तर आणि त्याचा कारकून



विषयाचे नाव ऐकून काही मंडळींना वाटले असेल, की वसंतातल्या संध्याकाळी हा यंत्रांचा बाजार कशासाठी मांडला? परंतु प्रश्न आपल्या माजघरातलाच आहे. मुंबई केंद्राचे प्रक्षेपण २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. तेव्हापासून आपण जे पाहिले, त्यातले आपल्या घरी काय राहिले? बी.बी.सी.सारख्या मातबर संस्थेनेही १९६० च्या दशकातले कितीतरी कार्यक्रम पुसून त्या महागड्या फिती पुन्हा वापरल्या, आणि पुढे तेच कार्यक्रम जगभर शोधण्याची वेळ तिच्यावर आली. तेव्हा आपल्याला हवे ते आपणच राखावे, ही इच्छा काही अवास्तव नव्हे.

आपल्या मसुरे गावातले एखादे घर डोळ्यांसमोर आणा. कौलांवर फ्री डिशची थाळी आहे, घरात आजी आहे, मुलगा मुंबईला चाकरमानी आहे. आजीला दुपारचा कार्यक्रम रात्री पाहायचा आहे, आणि मुलाला तोच परळच्या खोलीत मोबाइलवर हवा आहे. यासाठी एक लहानसे संगणकयंत्र घ्यायचे, त्याला उपग्रहाचा संदेश पकडणारे ट्यूनर कार्ड जोडायचे आणि हार्ड डिस्क बसवायची. मग प्रश्न येतो प्रोसेसरचा. दुकानदार अर्थातच सर्वांत मोठा दाखवतो. तो घ्यावा काय?

येथे दोन कामांतला भेद नीट ध्यानात घेतला पाहिजे. उपग्रहावरून येणारे चित्र अगोदरच दाबून, बंद पाकिटात घातलेले असते. ते मुद्रित करणे म्हणजे पोस्टमनने पाकीट न फोडता पेटीत टाकणे. साध्या वाहिनीचा प्रवाह सेकंदाला ४ मेगाबिट धरला, तर तासाला सुमारे १.८ गिगाबाइट जागा लागते. म्हणजे एक टेराबाइटच्या डिस्कवर साडेपाचशे तास मावतात. अशा चार वाहिन्या एकदम मुद्रित केल्या तरी सेकंदाला दोनच मेगाबाइट लिहावे लागतात, आणि आजची कोणतीही साधी डिस्क याच्या कितीतरी पट वेगाने लिहिते. या कामात प्रोसेसर जवळजवळ झोपा काढतो. वाहिन्या किती पकडता येतील, हे ठरते ट्यूनरवर. गंमत अशी, की एकाच ट्रान्सपॉन्डरवरच्या सगळ्या वाहिन्या एका ट्यूनरने एकाच वेळी मुद्रित होऊ शकतात. म्हणून पैसे खर्चायचेच असतील तर दुसऱ्या ट्यूनरवर खर्चावे, असे माझे मत आहे. मात्र वाहिन्या उघड्या प्रक्षेपित होणाऱ्या हव्यात. कुलूपबंद वाहिन्यांपुढे कोणताही प्रोसेसर हतबल आहे.

दुसरे काम परळच्या खोलीचे. तिथे पाठवायला पाकीट फोडावे लागते, पत्र वाचावे लागते आणि तोच मजकूर थोडक्या शब्दांत पुन्हा लिहावा लागतो, तोही बोलणाऱ्याच्या वेगाने. यालाच ट्रान्सकोडिंग म्हणतात. त्यात आणखी एक कटकट आहे. आपल्याकडचे प्रक्षेपण पुष्कळदा एकाआड एक ओळींचे असते. सेकंदाला पन्नास अर्धी चित्रे येतात. ती सांधून अखंड चित्र करावे लागते, नाही तर हलणाऱ्या माणसाच्या कडा फणीच्या दात्यांसारख्या दिसतात. हे सर्व प्रोसेसरच्या सर्वसाधारण गाभ्यांकडून करून घेतले, की यंत्र तापते आणि पंखा घरघरू लागतो.

यावर तोड निघाली आहे. नारळ खवायला आपण कोयता घेत नाही, खवणी घेतो. तशी चित्रकामापुरती वेगळी खवणी आता प्रोसेसरच्या आतच बसवलेली असते. इंटेलने २०११ च्या पिढीपासून ‘क्विक सिंक’ या नावाने ती दिली. २०२३ साली बाजारात आलेला इंटेलचा एन१०० हा चार गाभ्यांचा, सहा वॉट मर्यादेचा लहानसा प्रोसेसर. पण खवणी आत असल्याने एका घराचे काम तो सहज ओढतो. उलट, ज्या इंटेल प्रोसेसरच्या नावामागे ‘एफ’ अक्षर असते, त्यात हा चित्रविभागच नसतो. स्वस्त म्हणून तो घेणारे पुढे वेगळ्या चित्रकार्डाचा भुर्दंड भरतात. एएमडीच्या रायझन ५००० मालिकेतही ‘जी’ अक्षर पाहून घ्यावे. रास्पबेरी पाय ५ हे चिमुकले यंत्र पाकिटे टाकायला ठीक आहे. त्यात चित्र पुन्हा लिहिणारी खवणी नाही.

आता विजेचा हिशेब. असे यंत्र चोवीस तास जागे ठेवतात, आणि वर्षभर एक वॉट जळला की ८.७६ युनिटे होतात. डिस्कसह १२ वॉट घेणारे यंत्र वर्षाला सुमारे १०५ युनिटे खाते. रिकामे बसूनही ६० वॉट घेणारा जुना धिप्पाड संगणक सव्वापाचशे. कोणी मुंबईहून कचेरीतला जुना संगणक फुकट आणून देतो म्हणाला, तर आधी हा गुणाकार करावा. शिवाय कमी वॉटचे यंत्र साध्या यूपीएसवर बराच वेळ तगते. मे २०२१ मधल्या तौक्ते वादळानंतर आपल्या जिल्ह्यात वीज किती रखडली, हे येथे बसलेल्यांना सांगायला नको. तेवढ्याला कोणताही यूपीएस पुरणार नाही, पण रोजच्या लपंडावाला पुरतो. वीज अचानक गेली तर धोका प्रोसेसरपेक्षा अर्धवट लिहिलेल्या डिस्कला अधिक.

कमी तापणाऱ्या यंत्राला पंखा नसला तरी चालते, आणि हा गुण आपल्या खाऱ्या, दमट हवेत फार मोलाचा आहे. पंखा हवेबरोबर धूळ आणि मीठ दोन्ही आत ओढतो.

मृगाच्या सरीत चित्राचे चौकोन झाले, तर मात्र प्रोसेसरला दोष देऊ नये. जोरदार पावसात उपग्रहाचा संदेशच क्षीण होतो. न आलेले पत्र कोणता कारकून लिहील? आणि आभाळ गडगडू लागले, की थाळीची तार ट्यूनरपासून काढून ठेवावी. त्या दिवशीचा कार्यक्रम बुडाला तरी बेहत्तर.