फोर्कनंतरची कुलुपे
यवतमाळच्या बाजारातील कापसाची आवक नोंदणारा एखादा प्रोग्रॅम कल्पावा. त्यातील अनेक थ्रेड एकाच नोंदवहीवर काम करतात; दोघांनी एकदम लिहू नये म्हणून तिला कुलूप असते. चालू प्रक्रियेची दुसरी प्रत काढणे म्हणजे फोर्क. एक थ्रेड कुलूप लावून लिहीत असता दुसऱ्याने फोर्क केला, तर अपत्य प्रक्रियेत सारी स्मृती उतरते. थ्रेड मात्र फोर्क करणारा एकटाच येतो. कुलूप तसेच राहते, उघडणारा नसतो. त्याची वाट पाहणारी प्रक्रिया कायमची अडते आणि शेतकऱ्याची पावती निघत नाही. नोंदही अर्धवट असू शकते. म्हणून कुलूप नुसते मोडून भागत नाही.

पॉझिक्स मानकात ह्यावर मार्ग आहे. फोर्कनंतर लगेच एक्झेकने नवा प्रोग्रॅम सुरू करावा. तोवर सिग्नल हाताळतानाही निर्धोक ठरलेलीच फंक्शने वापरावीत. फोर्कपूर्वी सर्व कुलुपे ठराविक क्रमाने घेऊन नंतर दोन्हीकडे सोडण्याचीही सोय आहे. परंतु परक्या लायब्ररीतील कुलुपे लेखकास ठाऊक नसतात. म्हणून थ्रेड सुरू होण्यापूर्वीच फोर्क उरकणे सर्वांत श्रेयस्कर होय.